दारात गाडी की हातात पास?

दिवाळीनंतरचा रविवार होता. विहारातली वंदना आटोपून घरी आलो, पेपर उघडतो न उघडतो तोच थोरली ताई आणि भाचा दारात हजर. भाच्याच्या हातात प्लॅस्टिकची फाईल, ताईच्या हातात पेढ्यांचा पुडा. पेढे कसले म्हणून विचारले तर ताई म्हणाली, "आधी तोंड गोड कर, मग सांगते." मी दोन पेढे खाल्ले आणि फसलो. फाईलमध्ये चारचाकी गाडीच्या कर्जाचे कागद होते. शेवटच्या पानावर जामीनदाराच्या सहीची जागा मोकळी होती.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. एका ट्रस्टच्या रुग्णालयात आया म्हणून तीस वर्षे राबली आणि २०२३ साली निवृत्त झाली. भावजी जाऊन नऊ वर्षे झाली. भाचा डिप्लोमा करून महाप्याच्या एम.आय.डी.सी.तल्या एका कंपनीत लागला आहे. हातात अडतीस हजार पडतात. धाकटी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहायला विठ्ठलवाडीला दोन खोल्या. वाचकहो, तुमच्या-माझ्यासारखेच हे घर. एक पिढी झाडू-बादलीत गेली, दुसरी कॉम्प्युटरसमोर बसली. अशा घराच्या दारात गाडी उभी राहावी असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटले. पण खिशातले पेन काही बाहेर निघाले नाही.

त्याला कारण आहे. २०११ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. वर्षभरात त्याचे हप्ते थकले आणि पतपेढीने ते माझ्या पगारातून कापायला सुरुवात केली. चौदा महिने कापले. त्या गाडीत मी एकूण दोनदा बसलो. बी.कॉम.ला असताना १८७२ चा करार कायदा पाठ केला होता. त्याच्या १२८ व्या कलमात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते हे स्वच्छ लिहिले आहे. परीक्षेत त्यावर मार्क मिळाले, पण अर्थ कळला तो पगाराची स्लीप हातात आल्यावर. आपल्याकडे "नुसती सही तर करायची आहे" म्हणून माणसे जामीन राहतात. ती सही नुसती नसते.

भाच्याला हे सारे ठाऊक होते. तो म्हणाला, "मामा, मी हप्ता चुकवीन असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "तू चुकवणार नाहीस रे. पण नोकरी चुकवू शकते, आजारपण चुकवू शकतं." तेवढ्यात ताई मध्येच बोलली, आणि ती जे बोलली त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ती म्हणाली, "तुला मुंब्र्याचा तो दिवस आठवतो का?"

९ जून २०२५, सोमवार. सकाळच्या गर्दीच्या वेळी मुंब्रा स्टेशनाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून गेल्यासारख्या जवळून गेल्या. दोन्हीकडे दरवाजात लोंबकळणारी माणसे एकमेकांना, एकमेकांच्या पाठीवरच्या सॅकना लागून रुळांवर पडली. त्या दिवशी चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. भाचा रोज त्याच मार्गाने जातो. विठ्ठलवाडीहून ठाणे, तिथे गाडी बदलून घणसोली आणि पुढे शेअर रिक्षाने कंपनी. त्या सकाळी तो मागच्या एका लोकलमध्ये कळव्याच्या अलीकडे अडकला होता आणि फोन लागत नव्हता. ताई दीड तास टीव्हीसमोर उभी होती, बसलीसुद्धा नाही. तेव्हापासून तिने गाडीचा ध्यास घेतला. पुढे २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पेपरात पानपानभर जाहिराती झळकल्या, आणि तिच्या मनाने उचल खाल्ली. निवृत्तीच्या पैशातले चार लाख तिने बँकेत ठेव म्हणून ठेवले आहेत. त्यातले दोन लाख ती आगाऊ भरायला निघाली होती.

म्हणजे हा हौसेचा मामला नव्हता. आई होती आणि पोराच्या जिवाची धास्ती होती. शेजाऱ्याने घेतली म्हणून आम्हीही घेतो, असे म्हणणाऱ्यांना चार शब्द सुनावता येतात. इथे मला सुनावता येईना. मी फक्त एवढेच म्हणालो, "कागद ठेवा. आधी हिशेब मांडू."

कागदावरची गाडी

चहा झाला आणि आम्ही मामा-भाचे वही घेऊन बसलो.

पहिला प्रश्न व्याजाचा. एजंटाने भाच्याला "साडेनऊ टक्के" एवढेच सांगितले होते. पण साडेनऊ टक्के कशावर? घटत्या शिलकेवर की मूळ रकमेवर? पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घटत्या शिलकेवर घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १०,५०० रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याज एक लाख तीस हजार जाते. तेच व्याज सरसकट मूळ रकमेवर, ज्याला हे लोक फ्लॅट रेट म्हणतात, तसे लावले तर व्याज होते २,३७,५०० आणि हप्ता जवळजवळ १२,३००. टक्के तेच, पण फरक लाखाहून जास्त. वाचकांपैकी कोणी टीव्ही, मोटारसायकल, फर्निचर, काहीही हप्त्याने घेत असेल तर हा एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही, लाज सांगणाऱ्याने बाळगावी. भाच्याचे कागद नीट वाचले, तर ते घटत्या शिलकेचेच होते. तेवढे बरे झाले.

मग आम्ही महिन्याचा खर्च लिहीत गेलो. हप्ता १०,५००. सी.एन.जी. किलोला ८० रुपये धरून, महाप्याला जाऊन-येऊन रोजचे पंचेचाळीस किलोमीटर आणि महिन्यातून एखादी इकडची तिकडची फेरी, मिळून ४,५००. विमा वर्षाला चोवीस हजार, म्हणजे महिन्याला २,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांसाठी सरासरी १,५००. मग भाचा थांबला. मी विचारले, "गाडी उभी कुठं करणार?" त्यांच्या गल्लीत दोन माणसे शेजारी चालली तर तिसऱ्याला अंग चोरावे लागते. स्टेशनाच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर महिना १,५०० रुपयांत गाडी लावून देतात, असे त्याने फोन करून विचारले. धुणे, फास्टॅग, कधी एखादा दंड, ५००. बेरीज केली: २०,५००.

हातात येणारा पगार ३८,०००. उरले १७,५००. त्यात तीन माणसांचे खाणे, लाईटबिल, भाचीची फी, ताईच्या गोळ्या. ताईला पेन्शन म्हणून महिन्याला अडीच हजार मिळतात.

आणि आज तो काय खर्च करतो? रेल्वेचा पास आणि दोन्ही टोकांच्या शेअर रिक्षा मिळून १,९०० रुपये. फरक १८,६०० चा. पाच वर्षांचा गुणाकार केला तर ११,१६,००० रुपये, तेही व्याज न धरता.

भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "मामा, हा हिशेब तुमच्या बाजूनं झुकलाय. गाडी असली की गावाला जाण्याचं, लग्नाकार्याचं, आईला दवाखान्यात नेण्याचं भाडं वाचतं, ते धरा ना." बरोबर बोलला. आम्ही वर्षातून दोन गावच्या फेऱ्या आणि पाच-सहा लहान फेऱ्या भाड्याच्या गाडीने धरल्या. वर्षाला तीस हजार झाले, महिन्याला अडीच हजार. तरी १६,१०० चा फरक उरला.

आता घसाऱ्याची गोष्ट. "गाडी म्हणजे प्रॉपर्टी" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. कॉमर्सच्या माणसाला हे ऐकवत नाही. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जे कोष्टक वापरतात त्यात गाडी शोरूममधून बाहेर पडली की पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के कमी होतात. वर्ष होईपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के. भाच्याची गाडी शोरूमच्या किमतीत सहा लाखांची. रोड टॅक्स, नोंदणी, विमा मिळून सात. आगाऊ दोन लाख आणि हप्त्यांचे सहा लाख तीस हजार, असे आठ लाख तीस हजार रुपये भरून पाच वर्षांनी गाडी जेव्हा खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीची होईल, तेव्हा तिची किंमत तीन लाख असेल. दोन खोल्यांचे घर पाच वर्षांत अर्ध्या किमतीचे झालेले कोणी पाहिले आहे का? सोन्याचे झालेले पाहिले आहे का?

राहिला वेळ. कल्याण-शीळ रस्त्याने कोणी गेले असेल त्याला सांगायला नको. काटई नाका, पलावाचा चौक, शीळफाटा, आणि गेली काही वर्षे मेट्रोच्या कामाचे पत्रे. भाच्याचा एक मित्र गाडीने जातो. त्याच्याबरोबर हा दोनदा गेला. एकदा सव्वा तासात पोचला, एकदा अडीच तास लागले. लोकल आणि रिक्षा मिळून त्याला दीड तास लागतो. गाडीत बसायला मिळते हे खरे, पण पाय क्लचवर असतो.

आणि रस्ता सुरक्षित, असे तरी कोणी म्हणावे? केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२३ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. मुंब्र्याची बातमी देशभर झाली. ही माणसे रोज चारशेहून जास्त मरतात, म्हणून त्यांची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते.

ताई जे बोलली

वही मिटली आणि मला वाटले जिंकलो. ताईने वहीकडे पाहिलेही नाही.

"तू शिकलेला आहेस, तुझा हिशेब बरोबर असणार," ती म्हणाली. "पण आबा गावाला कसे जायचे ते विसरलास का?"

विसरलो नव्हतो. आबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली, मग आम्ही कल्याण पूर्वेला आलो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. एस.टी. फाट्यावर सोडायची आणि तिथून गाव पाच किलोमीटर. फाट्यावर एक जीप असायची. जीपवाला आबांना ओळखत होता, म्हणूनच म्हणायचा, "जागा नाही." आम्ही चालायला लागलो की तीच जीप धुरळा उडवत पुढे जायची आणि पुढच्या वळणावर कोणाला तरी घ्यायला थांबायची. आबांच्या डोक्यावर ट्रंक, ताईच्या कडेवर मी. ताई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिचे पाय अजून ते पाच किलोमीटर चालताहेत, हे मला त्या रविवारी कळले.

"त्या रस्त्यानं एकदा माझ्या पोराच्या गाडीत बसून जायचंय मला," ती म्हणाली. "काच खाली करून."

या वाक्याचा घसारा कोणत्या कोष्टकाने काढायचा?

आपल्या लोकांच्या बाबतीत वाहन ही नुसती सोय कधीच नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतःचे अनुभव सांगितले आहेत, त्यातले दोन वाहनाचे. पहिला १९०१ च्या सुमाराचा. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली ही मुले नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली. मुले महार आहेत हे कळताच दुप्पट भाडे देऊनही एकही गाडीवान बैलगाडीत बसून त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण या अटीवर कबूल झाला की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. मिरजेच्या गाडीने जाताना आजही मसूर लागते. मी दर वेळी खिडकीतून बघतो.

दुसरा अनुभव १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर झालेले, सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य. महारवाड्यातली मंडळी त्यांना न्यायला स्टेशनवर आली. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. पण साहेबांनी पायी यावे हे मंडळींना पटेना, त्यांचा मान गेला असता. मग टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसवला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. वाटेत मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. त्या मंडळींवर ते रागावले नाहीत. पण मान राखण्याच्या धडपडीत जिवाची काळजी राहून गेली, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

मी हे ताईला सांगितले. तिने ते पूर्वी ऐकलेले होते, विहारात ऐकलेले. पण गाडीच्या कागदांची फाईल समोर असताना ऐकणे वेगळे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी पोराच्या हातात न पेलणारा टांगा देतेय, असं म्हणायचंय तुला." मी म्हणालो, "अडतीस हजारांत वीस हजारांचा टांगा, ताई."

लाल गाडीतली जागा

पण जीपची गोष्ट आठवली की मला एस.टी.चीही आठवते. फाट्यापर्यंत आणणारी जी लाल गाडी होती, तिच्या कंडक्टरने आबांना कधी जात विचारली नाही. तिकीट फाडले की जागा. शेजारी पाटील बसो की आणखी कोणी, खांद्याला खांदा लागायचा. नाक मुरडणारे मुरडत, पण उतरून चालत जाण्याची त्यांची तयारी नसे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली. पुढच्या वर्षांत ती गावागावांत जसजशी पोचली, तसतसे जीपवाल्याच्या मर्जीवर जगणे कमी झाले. मुंबईत ट्रामने, लोकलने आणि बेस्टच्या बसने तेच केले. गर्दीच्या डब्यात कोण कोणाला शिवला हे पाहायला कोणाला जागाच नसते.

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडून उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. पुढे ३८१ दिवस तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. या काळात ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या चळवळीला दिल्या, वेळापत्रक लावून लोकांना कामावर पोचवले. कायदा बदलल्यावर डिसेंबर १९५६ मध्ये ही सगळी माणसे पुन्हा बसमध्ये बसली, हव्या त्या बाकावर. लढा बसमधल्या जागेसाठी होता. आपापली मोटार घेऊन बस सोडून देण्यासाठी नव्हता. मला वाटते त्यातले मर्म हेच आहे.

आपल्याकडे मात्र उलटे चालले आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२. सात महिन्यांतल्या या दोन तारखा. मोटारवाल्याचा टोल वाचला त्याचे मला वाईट वाटत नाही. पण मानखुर्दहून चेंबूरला धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईचे भाडे दुप्पट झाले, ते कोणाच्या लक्षात तरी आले का? एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यातल्याही बहुतेक कंत्राटदारांच्या. आपल्या समाजातल्या किती घरांत बेस्टच्या, रेल्वेच्या, एस.टी.च्या पगारावर पोरे शिकली हे मोजायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. बस कमी झाली की प्रवास गेला आणि नोकरीही गेली.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. २०१६ साली आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने पहाटे सव्वापाचची बस मागितली. सफाईला जाणाऱ्या, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका पहाटे अंधारात दोन किलोमीटर चालत स्टेशन गाठत. चारशे बारा सह्या गोळा केल्या, पाच हेलपाटे घातले, बस सुरू झाली. तीन महिने चालली आणि "उत्पन्न कमी" या शेऱ्यावर बंद झाली. त्या तीन महिन्यांत वस्तीतल्या जी माणसे बोलू शकली असती, निवेदन लिहू शकली असती, साहेबाच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसू शकली असती, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे दुचाकी आली होती. बस बंद झाल्याचे त्यांना कळायलाच महिना लागला. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दुचाकी तेव्हा माझ्याकडेही होती.

म्हणून गाडी घ्यायचीच नाही का? तसे मी म्हणत नाही. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, अपंग माणूस असेल, गावाला दिवसातून दोनदाच एस.टी. येत असेल, तर वही मांडत बसू नये. आणि पिवळ्या नंबरप्लेटची गाडी ही वेगळी गोष्ट आहे. ती खर्चात नाही, भांडवलात धरायची. रोज किती कमावते ते बघून घ्यायची. ज्याला वीस हजार जाऊनही घर चालवता येते त्याने जरूर घ्यावी, काच खाली करून गावात जावे, मी हात दाखवीन. माझे म्हणणे फक्त अडतीस हजारांच्या घराबद्दल आहे, जिथे गाडीचा हप्ता आणि मुलीची फी एकाच तारखेला येते.

सध्या काय चालले आहे

त्या रविवारी सही झाली नाही. नकारही झाला नाही. भाच्यानेच तोड काढली. तो म्हणाला, "मामा, तीन महिने समजा गाडी घेतलीच आहे. दर महिन्याला १८,६०० वेगळ्या खात्यात टाकतो. त्यातूनच लागेल तेव्हा भाड्याची गाडी करू. जमलं तर तुम्ही सही करायची. नाही जमलं तर मी मागणार नाही." मी हो म्हणालो. आकड्यांच्या मुलाशी बोलायला बरे वाटते.

ताईच्या धास्तीचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच होता. मुंब्र्यानंतर रेल्वेने नव्या लोकल आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांच्या करण्याचे जाहीर केले, पण त्या सगळ्या मार्गांवर येईपर्यंत पोराने काय करायचे? आम्ही दोघे तीन दिवस पहाटे स्टेशनवर उभे राहिलो. बदलापूर-कर्जतकडून येणाऱ्या गाड्या विठ्ठलवाडीला भरूनच येतात, तिथे दरवाजाशिवाय जागा नाही. पण कल्याणहून सुटणाऱ्या धीम्या लोकल असतात. पाव तास आधी कल्याण गाठले तर आत उभे राहायला मिळते, कधी बसायलाही. त्यासाठी त्याला रोज पंचवीस मिनिटे आधी निघावे लागते. ताईने आधी ऐकले नाही, मग एक दिवस स्वतः त्याच्याबरोबर कल्याणला गेली, त्याला डब्याच्या मधोमध उभा राहिलेला पाहिला आणि परत आली. हल्ली ती त्याला पाचऐवजी साडेचारला उठवते. आणि तो कुरकुरतो, ते ऐकून मला फोन करून सांगते.

पहिल्या महिन्यात १८,६०० पूर्ण पडले. दुसऱ्या महिन्यात भाचीच्या फीचा हप्ता आला आणि खात्यात साडेसात हजारच पडले. त्याच महिन्यात ताईचा गुडघा आखडला. मी भाड्याची गाडी करून तिला दवाखान्यात नेले. जाऊन येऊन, थांबण्याचे धरून, अकराशे रुपये झाले. परत येताना ती मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. काच खाली केली होती. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

गावची फेरी मात्र व्हायची आहे. ती आम्ही ठरवली आहे. भाड्याचीच गाडी, फाट्यावरून गावापर्यंतचा तोच रस्ता, आणि सोबत ताई, भाचा, भाची आणि मी. एस.टी.त बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा एरवी ताई लाल गाडीनेच जाते आणि वाचलेल्या पैशांत माझ्यासाठी सातारी कंदी पेढे आणते. या फेरीला मात्र ती म्हणाली, "नको, या वेळी गाडीनंच."

येत्या रविवारी तिसरा महिना भरतो आहे. ताईने जेवायला बोलावले आहे. फाईल तिने कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवली आहे, असे भाचीने मला गुपचूप सांगितले. मी पासबुक पाहीन, आणि खिशात पेन घेऊन जाईन. पेढे मात्र या वेळी आधी खाणार नाही.